‘खरं सांगायचं तर’: बारा फलकांच्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ठरलं. ग्रंथालयातली जिन्याशेजारची लांब भिंत १ एप्रिलपासून पंधरा दिवस आपली. बारा फलक, विषय खरं आणि खोटं, सूर हसरा. चित्रं ताई काढणार, मजकूर माझा. एक अट मी त्यांना आधीच सांगितली आणि ती इथे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. ज्या गोष्टीला आपण ‘घडलेली’ म्हणू ती घडलेलीच असली पाहिजे. जी आख्यायिका असेल तिच्या शेजारी ‘सांगतात’ हा शब्द दिसला पाहिजे. थापांवरच्या प्रदर्शनात आपणच थाप लावली तर भिंत वाया गेली.

ताई म्हणाल्या, “अरे, इतकं गाळून घेतल्यावर हसायला काय उरणार?”

मला वाटतं पुष्कळ उरेल. बघू.

९ जानेवारी

पहिला फलक शब्दांचा. कागद घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात भरला. थाप मारतात, बाता झोकतात, पुडी सोडतात, टोपी घालतात, वेळ मारून नेतात, कानांवर हात ठेवतात, वडाची साल पिंपळाला लावतात, आणि उघडं पडलं की सारवासारव करतात. खऱ्याच्या बाजूला काय? खरं ‘बोलतात’. फार तर ‘सांगतात’. बाकी रकाना कोरा.

ही यादी करताना मजा आली ती क्रियापदांची. मारणं, झोकणं, सोडणं, घालणं, लावणं, नेणं: खोटं म्हणजे अंगमेहनतीचं काम असल्यासारखी आपली भाषा बोलते. ताईंनी तेवढ्यावर चित्र बेतलं. डावीकडे घामाघूम माणसांची रांग, कुणी झोकतोय, कुणी सोडतोय, कुणी लावतोय. उजवीकडे एकच बाई, हात मोकळे, बोलतेय.

‘लोणकढी थाप’ला मात्र वेगळी चौकट हवी. लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप जितकं ताजं तितकी ही थाप ताजी, जागच्या जागी कढवलेली. खोट्याच्या ताजेपणाचं इतकं नेमकं नाव आपल्याकडे आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

१७ जानेवारी

दुसऱ्या फलकासाठी आकडा हवा होता: माणूस दिवसाला किती खोटं बोलतो? बेला डीपाउलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ सालचा अभ्यास घेतला. त्यांनी ७७ विद्यार्थी आणि ७० इतर माणसांना आठवडाभर डायरी ठेवायला सांगितली. विद्यार्थ्यांचं प्रमाण दिवसाला सुमारे दोन, बाकीच्यांचं सुमारे एक.

पद्धत समजावी म्हणून ताई आणि मी गेला आठवडा तशाच डायऱ्या ठेवल्या. काय नोंदवायचं यावर दोनदा चर्चा झाली. “निघालोच आहे” हे जागेवरून न हलता म्हटलं तर? खोटं, नोंदव. “छान झालंय” हे न बघताच म्हटलं तर? नोंदव. “काही नाही, सहज फोन केला” आणि चौथ्या मिनिटाला काम निघालं? यावर एकमत झालं नाही. तिसऱ्या दिवसापासून दोघांच्याही नोंदी आटल्या. वही खिशात आहे म्हटल्यावर तोंडाशी आलेलं वाक्य आपोआप बदलायचं. ताईंनी एकदा फोनवर “मी अजून उठलेलीच नाही, अर्ध्या तासाने निघते” असं सांगून टाकलं आणि पलीकडून इतका वेळ शांतता होती की त्यांना वाटलं फोन कट झाला.

मजकूर लिहिला: ‘आपण सगळेच रोज दोनदा खोटं बोलतो.’ खाली चित्र, गर्दीतल्या प्रत्येकाच्या हातात दोन दोन फुगे.

२४ जानेवारी

दुसरा फलक रद्द. वरचं वाक्य चूक आहे.

सेरोटा, लेव्हाइन आणि बोस्टर यांनी २०१० साली अमेरिकेतल्या १००० प्रौढांना मागच्या २४ तासांबद्दल विचारलं. सरासरी आली १.६५. पण त्या सरासरीच्या पोटात काय आहे ते पाहिलं तर सुमारे ६० टक्के लोकांनी त्या दिवसात एकही खोटं सांगितलेलं नव्हतं, आणि एकूण खोट्यांपैकी जवळजवळ निम्मी अवघ्या ५ टक्के लोकांची होती. म्हणजे ‘सगळेच’ हा शब्दच गेला. बहुतेक लोक बहुतेक दिवस खरं बोलतात, आणि मूठभर माणसं सगळ्यांच्या वाटणीचं खोटं एकटी उरकतात.

मला याचं फार बरं वाटलं, आणि थोडी धास्तीही. ‘सगळेच खोटं बोलतात’ हे वाक्य इतकं गोड लागतं की मी डायरीवाल्या अभ्यासातून ते स्वतः काढलं आणि सात दिवस त्यावर खूश होतो. त्या अभ्यासात ते नव्हतं. मी माणसांवर आळ घेतला होता.

ताईंना फोन केला. त्यांचे ४३ फुगेवाले रंगवून झाले होते. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवं चित्र आलं: गर्दी रिकाम्या हातांनी उभी, आणि मध्यभागी एक गृहस्थ इतके फुगे धरून की पाय जमिनीवरून उचलले गेलेत. पहिल्यापेक्षा हे चित्र कितीतरी जास्त हसवतं. अटीचा पहिला फायदा.

२ फेब्रुवारी

तिसरा फलक सुविचाराचा. ‘सत्य पायांत वहाणा घालेपर्यंत असत्य अर्धं जग फिरून येतं.’ हे वाक्य जगभर मार्क ट्वेन यांच्या नावावर फिरतं, आणि त्यांच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही. १७१० साली जोनाथन स्विफ्टने ‘एक्झॅमिनर’ या पत्रात मात्र जवळपास असंच लिहिलं आहे: असत्य उडत जातं आणि सत्य लंगडत मागून येतं.

म्हणजे असत्याच्या वेगाबद्दलचं वाक्य चुकीच्या नावाने जग फिरून आलं, आणि खरं नाव लंगडत मागून येतंय. याला मी एका शब्दाचीही फोडणी देणार नाही. जसं आहे तसं लावायचं.

८ फेब्रुवारी

यंत्राचा फलक. विल्यम मार्स्टन यांनी १९१५ च्या सुमारास रक्तदाबावरून खोटं पकडण्याची चाचणी तयार केली. १९२१ साली अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सन यांनी रक्तदाब, नाडी आणि श्वास एकत्र नोंदवणारं यंत्र बनवलं. मार्स्टन यांच्या चाचणीचा पुरावा १९२३ साली फ्राय खटल्यात अमेरिकी न्यायालयाने नाकारला. पुढे १९४१ साली याच मार्स्टन यांनी ‘वंडर वुमन’ हे पात्र निर्माण केलं. तिच्याकडे सोनेरी फास असतो, त्यात अडकलेल्याला खरंच बोलावं लागतं. प्रयोगशाळेत जे साधलं नाही ते चित्रकथेत एका दोरीने साधलं, आणि तिथे न्यायाधीशाची परवानगीही लागली नाही.

यंत्राला खोटं दिसत नाही. त्याला दिसतो घाम, नाडी, श्वास. चोराच्या मनात चांदणं असतं हे खरं, पण खुर्चीत बसवून अंगाला तारा लावल्या की सावाच्याही मनात चांदणं पडतं. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने याच कारणाने कर्मचाऱ्यांच्या सरसकट छाननीसाठी हे यंत्र भरवशाचं नसल्याचं सांगितलं. ताई चित्रात यंत्राच्या कागदावर एवढंच लिहिणार आहेत: ‘हृदय चालू आहे.’

१५ फेब्रुवारी

चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं का? बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ साली २४ हजारांहून अधिक लोकांनी दिलेले निवाडे एकत्र तपासले. बरोबर निघाले ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०.

आणि खूण कुठली बघतात? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर एकच: नजर चुकवतो. प्रत्यक्षात नजरेचा आणि खोट्याचा संबंध अगदीच पुसट आहे. यात मला दुःखाची बाजूही दिसते. लाजाळू माणूस, घाबरलेलं मूल, यांच्याकडे बोट दाखवलं जातं आणि डोळ्यांत डोळे घालून थाप मारणारा सुटतो. फलकावर हे स्पष्ट लिहिणार, हसू आलं नाही तरी चालेल.

शेजारी टेबलावर एक नाणं ठेवू. दोघांनी यायचं, एकाने दोन वाक्यं सांगायची, एक खरं, एक थाप. दुसऱ्याने आधी स्वतः ओळखायचं, मग नाण्याला विचारायचं.

२२ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा. प्रदर्शनाचा कणा सापडला असं वाटतं.

इंग्लंडच्या कंब्रिया भागात सँटन ब्रिज नावाच्या गावात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये जगातला सर्वांत मोठा थापाड्या निवडायची स्पर्धा भरते. ती विल रिट्सन (१८०८–१८९०) या खानावळवाल्याच्या आठवणीत. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा की आमच्या खोऱ्यातले सलगम एवढे मोठे की लोक जेवणासाठी ते खाणीसारखे खोदत आत जातात, आणि आतून पोकळ झाले की मेंढ्यांना निवारा म्हणून वापरतात. स्पर्धेत पाच मिनिटं मिळतात. राजकारणी आणि वकील यांना भाग घेता येत नाही, कारण ते या कामात आधीच फार तयार समजले जातात. सांगतात की एका बिशपने एकदा सर्वांत छोटं भाषण करून बक्षीस नेलं: “मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही.” (‘सांगतात’ शब्द ठळक अक्षरांत.)

वाचताना मी मोठ्याने हसलो आणि मग थांबलो. रिट्सनचं सलगम ही थाप आहे का? कुणी फसलं का? फसावं अशी त्याची इच्छा होती का? इथे ख्रिस्ती संत आणि विचारवंत ऑगस्टिन आठवला. ३९५ च्या सुमारास त्याने खोटेपणावर अख्खा ग्रंथ लिहिला, खोट्याचे आठ प्रकार केले, आणि एकही माफ केला नाही, जीव वाचवण्यासाठी बोललेलंसुद्धा नाही. एवढा कडक माणूस. पण सुरुवातीलाच त्याने विनोद बाजूला काढून ठेवला: विनोदाला कधी खोटं मानलेलं नाही, कारण बोलण्याच्या सुरातूनच हेतू कळतो.

हाच कणा. विनोदी थापेला पकडलं जायचं असतं. कुणी पकडलं नाही तर ती फुकट गेली. खोट्याचं नेमकं उलट, पकडलं गेलं की ते संपलं. सलगमात मेंढ्या बांधणारा माणूस समोरच्याला हुशार धरून चालतो. फसवणारा त्याला भाबडा धरतो. बाराही फलक मी या कसोटीवर पुन्हा तपासणार: इथे कोण कुणाला काय समजतोय?

ताईंना हे सगळं एका दमात सांगितलं. त्या म्हणाल्या, “सलगम किती मोठं काढू?” मी म्हटलं, “ताई, भिंतीत मावेल तेवढं.”

२ मार्च

‘नरो वा कुंजरो वा’चा फलक झाला. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, युधिष्ठिराने वाक्य उच्चारलं, शेवटचे शब्द द्रोणांपर्यंत पोचले नाहीत, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शब्द सगळे खरे, तरी रथ टेकलाच. चार बोटांचं हे माप मला विलक्षण वाटतं. ताईंनी युधिष्ठिर काढलाच नाही. फक्त चाक, जमीन आणि शेजारी मोजपट्टी.

७ मार्च

खेळता येणारा फलक. फिलिप जूर्डेन यांनी १९१३ साली मांडलेलं कोडं: एका कार्डाच्या एका बाजूला लिहायचं, ‘मागच्या बाजूचं वाक्य खरं आहे.’ मागच्या बाजूला, ‘पुढच्या बाजूचं वाक्य खोटं आहे.’ मुळात हे प्राचीन ग्रीक कोड्याचं रूप, जो म्हणतो ‘मी खोटं बोलतोय’ तो काय बोलतोय? ते कोडं मिलेटसच्या युबुलिडीसचं मानतात. कॉस बेटावरचा कवी फिलेटस त्याचा विचार करून करूनच वारला असं त्याच्या स्मृतिलेखाच्या ओळींत म्हटलं आहे. फिलेटस इतका किडकिडीत होता की वाऱ्याने उडू नये म्हणून पायताणात शिसं घालायचा, असंही सांगतात. माझ्या मते शिसं ही ग्रीकांची लोणकढी. तशी नोंद खाली दिली.

कार्ड दोरीला बांधून चाचणीसाठी ग्रंथालयाच्या बालविभागात ठेवलं. एका मुलाने ते सलग वीसेक वेळा उलटलं आणि ग्रंथपाल बाईंना विचारलं, “बाई, हे थांबतं कुठे?” बाई म्हणाल्या, “तुझा हात दुखला की.”

१४ मार्च

मुलांचा फलक. प्रयोग साधा. मूल पाठमोरं बसतं, मागे एक खेळणं ठेवतात, “मी येईपर्यंत वळून बघू नकोस” म्हणून मोठा माणूस बाहेर जातो. लपवलेला कॅमेरा चालू. लहान मुलं बहुतेक वळून बघतात. मग विचारायचं, “बघितलंस?” “नाही.” “बरं, मग काय असेल सांग.” इथे खरी गंमत. काही मुलं एका क्षणात खेळण्याचं नाव सांगून मोकळी होतात. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली यांनी नोंदवलेलं एक उत्तर असं: मी बघितलं नाही, हात लावला, आणि ते हाताला जांभळं लागलं, म्हणून तो बार्नी असेल. बार्नी म्हणजे जांभळा डायनासोर.

हाताला जांभळं लागलं! या उत्तराला मी नमस्कार करतो. समोरच्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि आपल्याला ते माहीत असण्याचं कारण काय द्यायचं, एवढा हिशेब त्या लहानशा डोक्याने केला. फक्त रंग बोटांना कळत नाही एवढंच राहून गेलं. संशोधक सांगतात की खोटं जमू लागणं हे दुसऱ्याच्या मनाचा अंदाज येऊ लागल्याचं चिन्ह आहे. म्हणून फलकावर ‘लबाड’ हा शब्द येणार नाही. ताईंनी शीर्षकात लिहिलेला मी खोडला, त्यांनी लगेच मानलं.

१९ मार्च

शेवटचा फलक. यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले.

जॉर्ज वॉशिंग्टन सहा वर्षांचे असताना त्यांनी कुऱ्हाडीने वडिलांच्या चेरीच्या झाडावर घाव घातले, आणि विचारल्यावर “मला खोटं बोलता येत नाही” म्हणून कबूल केलं. वडिलांनी जवळ घेतलं. प्रामाणिकपणाची जगातली सर्वांत प्रसिद्ध बालकथा. ती आली कुठून? मेसन वीम्स नावाच्या पाद्र्याने लिहिलेल्या चरित्रातून. चरित्र निघालं १८०० साली, वॉशिंग्टन वारल्यावर लगेच. त्यात ही गोष्ट नाही. ती आली पाचव्या आवृत्तीत, १८०६ साली. दूरच्या नात्यातल्या एका वृद्ध बाईंनी सांगितली असं वीम्स म्हणतो. दुसरा पुरावा कसलाही नाही, आणि इतिहासकार ती रचलेलीच मानतात.

इथवर सगळ्यांना आवडेल असा विनोद: खरं बोलण्याची गोष्टच बनावट. ताई म्हणाल्या, बस, इथेच थांब. पण पुढचं कळल्यावर थांबता येईना. २०१४ साली कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांवर तोच पाठमोऱ्या खेळण्याचा प्रयोग केला. “बघितलंस?” विचारण्याआधी काहींना लांडगा आला रे आला वाचून दाखवली, काहींना नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट, काहींना वॉशिंग्टनची, काहींना ससा-कासवाची. लांडगा आणि नाक यांनी फरक पडला नाही. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र खरं कबूल करण्याची शक्यता जास्त होती. मग तिचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तर तो परिणामही गेला.

लांडग्याने मेंढरं खाल्ली, नाक हातभर वाढलं, तरी मूल गप्पच. वडिलांनी जवळ घेतलं तेव्हा बोललं. आणि जवळ घेणारे ते वडील वीम्सने रचलेले.

मग वीम्स खोटारडा की नाही? रिट्सनच्या कसोटीवर तो नापास होतो. त्याला पकडलं जायचं नव्हतं, त्याने गोष्ट घडलेली म्हणून छापली. मी फलकावर तसं लिहिलं. गोष्ट चांगली आहे, मुलांना सांगावी, आणि ‘गोष्ट’ म्हणून सांगावी. ताई आणि मी यावर रात्री दहापर्यंत भांडलो. त्यांचं म्हणणं, काम झालं ना, मग नाव कशाला खराब करायचं? माझं म्हणणं, आपल्या भिंतीवर तो प्रश्न कुणीतरी विचारणारच. शेवटी वाक्य राहिलं, पण ताईंनी वीम्सला चित्रात कुऱ्हाड दिली आणि समोर झाड उभं केलं. बघणारा काय ते समजेल.

२६ मार्च

छपाईची प्रूफं आली. दुसऱ्या फलकावर ६० टक्केच्या जागी ६ टक्के. माझ्याच फाइलमध्ये शून्य सुटलं होतं. दुरुस्त करून परत पाठवलं. बाकी ठीक.

३१ मार्च

फलक लागले. सलगम दीड फलकांवर पसरलं आहे.

१ एप्रिल

दाराशी आज एकच जादा कागद: १ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी, म्हणजे पिठाच्या लांब शेवया, तोडतानाचं वृत्त दाखवलं. रिचर्ड डिंबलबी यांच्या भारदस्त आवाजात. काही प्रेक्षकांनी फोन करून विचारलं, झाड लावायचं कसं? या गमतीला मी पूर्ण पास केलं नाही. तारीख सांगत होती, आवाज मात्र पकडू देत नव्हता. ताईंना ती निर्मळ वाटते. दोघांची मतं सहीसकट खाली लावली, आणि पेन ठेवलं. दुपारपर्यंत ताईंच्या बाजूला जास्त खुणा.

जिन्यावरून मुलांचं हसू ऐकू येत होतं. बहुतेक ‘हाताला जांभळं’पाशी. एक मुलगी मैत्रिणीच्या दप्तराला डोळे मिटून हात लावत म्हणाली, “निळं लागतंय.”

ताई माझ्याशेजारी उभ्या होत्या. जानेवारीतला प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

४ एप्रिल

कार्ड फाटलं, तिसरं लावलं. नाण्याचा निकाल अजून माणसांच्या बरोबरीचाच.

चुका दाखवायच्या वहीत आज पहिली नोंद, वळणदार अक्षरात: ‘फलक १. बंडल राहिलं. आमच्या वेळी बंडलच मारायचे.’

आजोबांचं अगदी बरोबर आहे. राहिलंच. ताईंनी खिशातून पेन्सिल काढली आणि घामाघूम रांगेच्या शेवटी, जिथे बोटभर जागा होती तिथे, सुतळीने बांधलेलं एक बंडल आणि ते मारायला उचललेला एक हात काढला. शाई उद्या.